सहा पौंडी दोरा

नळकांडं जिन्यात दोनदा अडकलं,
कुरिअरचा पोरगा म्हणाला, काका, बंदूक हाय का काय?
आत काळी कांब, ग्रॅफाइटची, पोकळ,
टोकाला उदबत्तीच्या काडीएवढी.

एकतीस वर्षं मी रेल्वेत सिग्नल फिटर.
जड कसं ओढायचं ते हातांना ठाऊक.
हलकं कसं धरायचं,
ते मिरजेत मला एकाच माणसाला विचारावंसं वाटलं:
हिदायत शिकलगार, सतारमेकर गल्ली,
छताला भोपळे टांगलेले,
आणि कान गेलेले. चार वर्षं झाली.

पाटीवर लिहून दाखवलं:
गळाची काठी. दोरा सहा पौंडी. मासा मोठा.
त्यानं चष्म्यावरून बघितलं.
"दोरा बारीक, मासा मोठा. मग जोर कुणी सोसायचा?"
मी कांबीकडं बोट केलं.
"म्हंजे भोपळ्याचंच काम की."

आधी कणा शोधला.
बुडखा फरशीला टेकवून, मधे तळहातानं दाबून
कांब लाटण्यासारखी फिरवायची;
एका जागी ती आपसूक उडी घेते,
झोपेत कूस बदलावी तशी.
तिथं पांढऱ्या पेन्सिलीची खूण.

मग कड्या.
या काठीला रीळ पाठीवर बसतं, पहिल्या कड्याही पाठीवर,
पण काठी वाकली की दोरा तिच्या अंगाला घासतो;
म्हणून तिसरी जराशी कलती, चौथी कुशीला,
पाचवीपासून सगळ्या पोटाखाली.
"सरळ का नको?"
लिहिलं: सरळ ठेवल्या तर काठी पिळते.
"माणसाचं उलटं असतं," म्हणाला,
आणि सतारीचे पडदे बांधायचा जांभळा दोरा काढला.

वेढ्याला वेढा खेटून,
अंगठ्याच्या नखानं सारत सारत.
केसाएवढी फट दिसली की सगळं उलगडायचा.
दहा कड्या, पाच दिवस.
मधे तंबोऱ्याचं एक गिऱ्हाईक परत गेलं,
त्यानं मानही वर केली नाही.

राळ लावली की काठी फिरती हवी,
नाहीतर ओघळून खाली गाठ धरते.
नातू नवाजनं मंडळाच्या देखाव्याची मोटर आणली;
भाद्रपदात तिच्यावर मूर्तीमागचं चक्र फिरतं.
त्या रात्री आमची काठी फिरली,
आणि आम्ही दोघं समोर बसून,
जणू काही आरती व्हायची आहे.

पारख अशी झाली:
दोरा ओवून मी सायकलच्या दुकानापर्यंत मागं मागं गेलो,
ताणला, बोटानं छेडला.
हिदायतनं बुडखा दातांत धरला. डोळे मिटले.
एक रिक्षावाला थांबून बघत राहिला.
"मूठ जाड हाय. मधेच अडतंय."
बूच घासलं, भोपळा घासायच्याच कागदानं,
दोन मिलिमीटर. पुन्हा छेडला.
"आता बोलती."
कोणत्या सुरात, ते मी विचारलं नाही.

हरिपूर, जानेवारी, संगमाच्या जरा खाली.
वारणा येऊन मिळते तिथं पाण्याला शिवण दिसते.
अंगठा रिळावर, जरा उचलला की दोरा पळतो,
उशिरा टेकवला की घरटं.
पहिल्या तासात माझी तीन घरटी झाली.
हिदायत खडकावर बसून भाकरी खात होता.

मग ठक.
ओढ नव्हे, नुसतं ठक, दारावर एक बोट वाजावं तसं.
आणि काठी मुठीपर्यंत वाकली.

खडस असावा. धारेत शिरला, खाली निघाला.
काय सुचलं कोण जाणे, मी तशीच वाकलेली काठी घेऊन
खडकावर चढलो, बुडखा हिदायतच्या जबड्याला लावला.
घास त्याच्या तोंडातच राहिला.
रीळ करकरत होतं, ते मला ऐकू येत होतं.
त्याला काय येत होतं ते त्यालाच.
एकदम हात वर करून ओरडला,
"सैल सोड! दगडाला घासतोय दोरा!"

मी सोडला.

मासा हाती लागला की सुटला,
हे गल्लीत आम्ही दोघं वेगवेगळं सांगतो.